मैदान सुटल्यावर काय? शहापूर-मुरबाडच्या खेळाडूंसाठी डेटा आणि एआय नेमकं काय करू शकतं

पहाटे शहापूरहून किन्हवलीकडे किंवा मुरबाडहून सरळगावकडे गाडीने निघालात, तर हेडलाइटच्या उजेडात रस्त्याच्या कडेने पळणारी पोरं-पोरी दिसतातच. कुणी शालेय स्पर्धेची तयारी करतंय, कुणी गावच्या मंडळाकडून कबड्डी खेळतंय, आणि बरेच जण पोलीस भरतीसाठी घाम गाळतायत. त्यातल्या कुणालाही थांबवून विचारा, 'पुढे काय?' दहापैकी आठ जण सांगतील, 'भरती.'

आता एक साधा आकडा बघा. पोलीस शिपाई भरतीत मैदानी चाचणी ५० गुणांची असते आणि लेखी परीक्षा १०० गुणांची. म्हणजे तुम्ही मैदानावर पैकीच्या पैकी गुण काढले, तरी एक तृतीयांशच काम झालं. उरलेले दोन भाग अंकगणित, बुद्धिमत्ता, सामान्य ज्ञान आणि मराठी व्याकरण यांच्या हातात आहेत. पहाटे दोन तास पळणारा मुलगा व्याकरणाला आठवड्यातून किती वेळ देतो? बहुतेकांना हे सांगताच येणार नाही, कारण ते कुठे लिहिलेलंच नसतं.

मित्रांनो, खेळात डेटा आणि एआय म्हटलं की आपल्याला आठवतात स्मार्टवॉच, हृदयाचे ठोके, स्लो मोशन व्हिडिओ. ते सगळं खेळ सुधारण्यासाठी. पण गेल्या काही वर्षांत जगभरात वेगळाच प्रश्न विचारला जातोय: खेळाडूला पुढच्या आयुष्यासाठी, म्हणजे शिक्षण आणि नोकरीसाठी, तयार करायला हीच टेक्नॉलॉजी वापरता येईल का? याला 'दुहेरी करिअर' म्हणतात. केंद्र सरकारच्या 'खेलो भारत नीती २०२५' मध्येही हा शब्द आलाय, आणि एआय व डेटा विश्लेषणाचा उल्लेखही आहे. हे धोरण १ जुलै २०२५ ला मंत्रिमंडळाने मंजूर केलं. धोरण दिल्लीत झालं, ठीक. पण डोळखांब किंवा टोकावडेच्या मुलीच्या हातातल्या फोनवर त्याचा काय उपयोग, ते आज बघू.

एआय करिअर सुचवतं म्हणजे काय करतं?

यूट्यूब तुम्हाला पुढचा व्हिडिओ कसा सुचवतं? तुमच्यासारख्या लाखो लोकांनी आधी काय पाहिलं, याची नोंद त्याच्याकडे आहे. तुमची आवड त्यांच्याशी जुळवायची आणि 'अशा लोकांनी पुढे हे पाहिलं' असं म्हणून तेच तुमच्यापुढे ठेवायचं. करिअर सुचवणारी सिस्टीमही ढोबळमानाने हेच करते. तुमचा खेळ, वय, पातळी, मार्क, आवड ही झाली एका बाजूची माहिती. दुसऱ्या बाजूला हवी असते तुमच्यासारखे खेळाडू पुढे काय झाले याची नोंद. दोन्ही असतील तरच मशीन काहीतरी शिकेल.

आता विचार करा, शहापूर तालुक्यातून गेल्या दहा वर्षांत किती मुलं-मुली जिल्हा किंवा विभाग पातळीपर्यंत खेळली? स्पर्धांचे निकाल कुठल्यातरी फायलीत सापडतील. पण त्यातली कोण पुढे पोलिसात गेली, कोण आसनगावच्या कारखान्यात लागली, कोणाचा गुडघा गेला, कोणाचं बारावीनंतर लग्न झालं? याचा तक्ता कुणाकडेच नसतो. नेमका तोच भाग मशीनला शिकायला लागतो.

आणि ज्यांची नोंद असते ते असतात जिंकलेले. नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत घ्या. आदिवासी पाड्यावर पळायला शिकलेली ही मुलगी २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्य आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य घेऊन आली. साताऱ्यातल्या मोही गावची ललिता बाबर २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये पोचली आणि पुढे राज्य सरकारात उपजिल्हाधिकारी झाली. कोल्हापूरच्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता आणि २०२४ मध्ये पॅरिसला नेमबाजीत कांस्यपदक जिंकला. ही नावं अभिमानाचीच आहेत. पण एखाद्या मॉडेलला फक्त अशाच गोष्टी खाऊ घातल्या तर ते काय शिकेल? 'गावातून पळा, पदक मिळवा, सरकार नोकरी देईल.' कारण हरलेल्यांची, दुखापत झालेल्यांची, मध्येच सोडलेल्यांची एकही ओळ त्याने बघितलेली नाही. डेटाच्या भाषेत याला 'टिकून राहिलेल्यांचा भ्रम' म्हणतात. चॅटबॉटला 'खेळात करिअर करू का?' असं विचारल्यावर जे गोड उत्तर येतं, त्यात या भ्रमाचा वाटा मोठा असतो.

खरा अंदाज हवा तर आधी एकूण जागा मोजायच्या. प्रो कबड्डीत १२ संघ आहेत आणि एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू. गुणाकार करा: ३०० जागा, त्याही अख्ख्या देशासाठी, आणि त्यातही काही परदेशी खेळाडू. अमेरिकेत कॉलेज खेळांची जी मोठी संघटना आहे, एनसीएए, ती स्वतःच आपल्या खेळाडूंना सांगते की त्यांच्यातले २ टक्क्यांपेक्षा कमी लोक व्यावसायिक खेळाडू होतात. हा आकडा ऐकून खेळ सोडायचा नाही. उरलेल्या ९८ जणांत आपण असू असं धरून काय शिकायचं, एवढंच ठरवायचं.

तुमची ट्रॉफी कुणाच्या हिशेबात आहे?

इथे एक कडू गोष्ट सांगायलाच हवी. आपल्याकडे डिसेंबर ते मे गावोगावी प्रकाशझोतातले कबड्डी सामने होतात. चषक, रोख बक्षीस, उत्कृष्ट चढाईपटूला सायकल किंवा कूलर. मजा असते, गर्दी असते. पण सरकारी हिशेबात यातल्या बहुतेक स्पर्धांना किंमत शून्य. एखादा मुलगा पाच वर्षं दर शनिवार-रविवार खेळला, घरात ट्रॉफ्या ठेवायला जागा नाही, आणि तरी त्याच्या नावावर मान्यताप्राप्त स्पर्धेची एक नोंद नाही, असं सहज होतं.

ज्या स्पर्धा मोजल्या जातात त्यांचा जिना ठरलेला आहे: शालेय स्पर्धेत तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, मग राष्ट्रीय. तसाच मान्यताप्राप्त संघटनांचा. आश्रमशाळांच्या प्रकल्पस्तरीय स्पर्धाही असतात. शहापूरला आदिवासी विकास विभागाचं प्रकल्प कार्यालयच आहे. महाराष्ट्रात सरकारी नोकरीत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे. त्याचे सुधारित नियम १ जुलै २०१६ च्या शासन निर्णयाने आले आणि नंतर त्यात बदलही झाले. कुठल्या गटाच्या पदाला कुठल्या पातळीची कामगिरी चालते, हे त्यात ठरलेलं आहे. नुसतं जिल्हा पातळीवर खेळून भागत नाही. वर प्रमाणपत्र खरं आहे का, हे विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयातून पडताळून घ्यावं लागतं. बोगस क्रीडा प्रमाणपत्रांवर नोकऱ्या लाटल्याची प्रकरणं राज्यात उघड झाल्यापासून ही पडताळणी काटेकोर झालीय, आणि त्याचा त्रास खऱ्या खेळाडूलाही होतोच.

म्हणून तुमच्या करिअरचा सगळ्यात महत्त्वाचा डेटा तुमचा १०० मीटरचा टाइम नाही. तो एक कंटाळवाणा फोल्डर आहे. प्रत्येक प्रमाणपत्राचा नीट स्कॅन, स्पर्धेची तारीख, पातळी, आयोजक, वयोगट, निकाल. फोनच्या ड्राइव्ह ॲपमध्ये स्कॅनची सोय असते, त्यासाठी सायबर कॅफेत पैसे घालवू नका. फाईलला '२०२४-विभाग-कबड्डी-१७ मुली' असं नाव द्या. 'आयएमजी-४५३२' असं ठेवलंत तर भरतीची जाहिरात निघाल्यावर रात्रभर शोधत बसाल. राष्ट्रीय महासंघांची प्रमाणपत्रं डिजीलॉकरमधून द्यायची व्यवस्था केंद्राने २०२४ पासून सुरू केलीय, त्यामुळे तिथे खातं असू द्या. त्याच डिजीलॉकरमध्ये दहावी-बारावीची गुणपत्रिकाही येते. आणि प्रमाणपत्रावरचं नाव, आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव एकच आहे ना, हे आजच बघा. एका वेलांटीसाठी लोकांनी तालुक्याला किती हेलपाटे मारलेत ते विचारा.

१ जूनचा वाढदिवस

वाढदिवसावरून आठवलं. तुमच्या वर्गात १ जूनला जन्मलेले किती जण होते? आपल्याकडे गावात, पाड्यावर जन्मतारीख माहीत नसली की शाळेत नाव घालताना गुरुजी १ जून टाकून मोकळे व्हायचे. घरात तिघा भावंडांचा वाढदिवस एकाच दिवशी, हा आपल्यासाठी विनोद आहे. एआयसाठी मात्र ती मोठी अडचण आहे.

कशी ते बघा. १९८०च्या दशकात कॅनडात आइस हॉकीच्या खेळाडूंच्या जन्मतारखा तपासल्या गेल्या, तेव्हा निवडलेल्यांत जानेवारी-मार्चमध्ये जन्मलेलेच जास्त निघाले. कारण वयोगट १ जानेवारीपासून मोजायचे. जानेवारीतला मुलगा डिसेंबरातल्या मुलापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा, अंगाने भरलेला. प्रशिक्षकाला तो 'टॅलेंटेड' वाटतो, त्याची निवड होते, त्याला जास्त सराव मिळतो. आता या निवडींवर एखादं मॉडेल शिकवलं तर तेही 'मोठा दिसणारा तोच चांगला' हेच शिकणार. यावर उपाय म्हणून जन्ममहिन्याप्रमाणे गुण दुरुस्त करता येतात. पण जिथे तारीखच खोटी आहे तिथे दुरुस्तीही खोटी. शहापूर-मुरबाडच्या डेटाने मशीन भरलं तर त्याला वाटेल, सगळे वर्षाच्या मध्यावर जन्मलेत!

केंद्राचा 'कीर्ती' नावाचा कार्यक्रम मार्च २०२४ मध्ये सुरू झाला. ९ ते १८ वयाच्या मुलांच्या चाचण्या घेऊन, डेटा विश्लेषण वापरून गुणवान खेळाडू शोधायचे, अशी त्याची कल्पना आहे. कल्पना चांगलीच आहे, कारण ओळखीच्या साहेबांच्या शिफारशीपेक्षा मोजलेली उडी बरी. पण अशा चाचणीत तुमचं नाव आलं नाही, तर 'कॉम्प्युटरने सांगितलं, मी खेळाडू नाही' असं धरून बसू नका. त्या एका सकाळी, त्या वयात, त्या मैदानावर काय मोजलं गेलं एवढंच ते सांगतं.

चॅटबॉटला विचारावं, पण कसं?

मी गंमत म्हणून एका चॅटबॉटला विचारलं, 'जिल्हास्तरीय कबड्डीचं प्रमाणपत्र नोकरीतल्या ५ टक्के आरक्षणाला चालेल का?' त्याने अगदी शुद्ध मराठीत, ठाम आवाजात सांगितलं, 'होय, चालेल.' वर अर्ज कसा करायचा तेही सांगितलं. चूक! त्याला शासन निर्णय माहीत नव्हता. अशा प्रश्नाला साधारण कसं उत्तर असतं, हे माहीत होतं. भाषेचं मॉडेल पुढचा शब्द कोणता शोभेल याचा अंदाज बांधत जातं. नियम, तारखा, कटऑफ यात शोभणारं आणि खरं यात फरक पडतो.

यावर उपाय आहे. पॅरिस ऑलिंपिकच्या वेळी, २०२४ मध्ये, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने खेळाडूंसाठी इंटेलच्या मदतीने एक चॅटबॉट आणला होता. क्रीडाग्रामात कुठे काय आहे, सोशल मीडियाचे नियम काय, असं काहीही विचारा. त्याची खुबी अशी की तो आधी समितीच्या कागदपत्रांतून संबंधित मजकूर शोधायचा आणि मग त्याच्या आधारे उत्तर लिहायचा. परीक्षेत पाठ करून लिहिणं आणि पुस्तक समोर ठेवून लिहिणं, यात जो फरक तोच.

तुम्हीही हे करू शकता. शासन निर्णय सरकारच्या वेबसाइटवर पीडीएफमध्ये फुकट मिळतात. बालभारतीची पुस्तकंही पीडीएफमध्ये आहेत. नोटबुकएलएमसारख्या साधनात किंवा फाईल घेणाऱ्या कुठल्याही चॅटबॉटमध्ये ती पीडीएफ टाका आणि मराठीत असं काहीतरी लिहा: 'मी सतरा वर्षांची कबड्डी खेळाडू आहे. विभागीय स्पर्धेत दुसरी आले. फक्त या फाईलच्या आधारे सांग, मला कोणत्या गटाच्या पदासाठी खेळाडू आरक्षण लागू होईल. कोणत्या पानावर, कोणत्या मुद्द्यात लिहिलंय ते दाखव. फाईलमध्ये नसेल तर नाही म्हण.' शेवटची दोन वाक्यं विसरू नका, सगळा जीव त्यांच्यात आहे. मग ते पान उघडून स्वतः वाचा. जुना निर्णय टाकलात तर उत्तरही जुनंच मिळेल, हेही लक्षात असू द्या.

अभ्यासासाठी याचा फायदा आणखी जास्त आहे. शालेय स्पर्धांचा हंगाम आणि पहिलं सत्र एकाच वेळी येतं. जिल्ह्याला गेलात, मग विभागाला, सराव शिबिर झालं, की बीजगणिताचे दोन धडे निघून गेलेले असतात. परत आल्यावर सगळ्या वर्गासमोर 'सर, समजलं नाही' म्हणायला लाज वाटते. बुडालेल्या धड्याची पीडीएफ द्या, 'सोप्या मराठीत समजाव, मग दहा प्रश्न विचार, माझं चुकलं तर उत्तर न सांगता आधी हिंट दे' असं सांगा. कसाऱ्याकडून येणाऱ्या लोकलमध्ये किंवा मुरबाडच्या एसटीत बसल्याबसल्या होण्यासारखं काम आहे. पाड्यावर रेंज नसते, घरात फोन एकच आणि तो बाबांबरोबर कामावर, हे मला माहीत आहे. म्हणून प्रश्न वहीत उतरवून घ्या आणि रेंजमध्ये आल्यावर उत्तरं तपासा. भरतीच्या लेखीसाठीही हेच. दर रविवारी एक जुना पेपर सोडवा आणि कुठल्या विषयात किती गुण गेले ते लिहून ठेवा. चार रविवारांनी आपला कच्चा भाग आपोआप दिसतो. त्याला एआयसुद्धा लागत नाही.

चढाई मोजता मोजता

आता माझ्या आवडीचा भाग. खेळाडूकडे एक गोष्ट असते जी कॉम्प्युटर इंजिनिअरकडे नसते: त्याला खेळ कळतो. डेटाच्या जगात याला खरंच किंमत आहे.

मंडळाचा एक सामना फोनवर रेकॉर्ड करा. फोन उंच ठिकाणी, मैदानाच्या मागच्या बाजूला ठेवा म्हणजे दोन्ही कोपरे दिसतील. वीस-वीस मिनिटांचे दोन डाव, फार मोठं काम नाही. घरी येऊन शीटमध्ये प्रत्येक चढाईची एक ओळ करा: कितवं मिनिट, चढाईपटू कोण, समोर बचावपटू किती, डावीकडून आत गेला की उजवीकडून, निकाल काय, पकड कुणी केली, तिसरी चढाई होती का. बस्स. समोर सहा किंवा जास्त असतील तरच बोनस मिळतो आणि तीन किंवा कमी असताना पकड झाली तर अव्वल पकड, हे तुम्हाला माहीत आहे. मशीनला नाही. म्हणून 'समोर किती' हा रकाना कधीच सोडू नका.

पाच सामने झाले की शीटला प्रश्न विचारता येतात. समजा, तुमचा मुख्य चढाईपटू डाव्या बाजूने गेला की दहापैकी सहा वेळा गुण घेतो आणि उजवीकडून दोनदाच, तर सरावात काय करायचं हे सांगायला कोच लागत नाही. प्रो कबड्डीत टीव्हीवर जे आकडे दाखवतात ते याच कामातून येतात. तिथे ते माणसं लावून आणि सॉफ्टवेअरने करतात, एवढाच फरक.

हे काम आपोआप होईल का? गूगलच्या मीडियापाइपसारखी मोफत साधनं व्हिडिओतल्या माणसाच्या शरीरावर ३३ बिंदू ओळखतात: खांदा, कोपर, गुडघा, टाच. धावपटूच्या पायांचा कोन बघायला हे झकास. कबड्डीत मात्र पकड झाली की पाच जण एकमेकांवर पडतात आणि मशीनला कुणाचा गुडघा कुणाचा हेच कळेनासं होतं. तिथे अजून माणूसच लागतो. हे ज्याला शीटमध्ये मांडता येतं आणि दोन चार्ट काढून समजावता येतं, त्याच्यासाठी 'परफॉर्मन्स ॲनालिस्ट' हे काम आहे. पुण्यात महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय क्रीडा विद्यापीठ २०२० च्या कायद्याने उभं राहिलंय, ते क्रीडाविज्ञान आणि क्रीडा तंत्रज्ञान याच वाटेने पोरांना न्यायला.

पण या वाटांचे दरवाजे कधी बंद होतात तेही बघून ठेवा, कारण हे कुणी सांगत नाही. फिजिओथेरपिस्ट व्हायचंय? महाराष्ट्रात त्याला बारावी सायन्सला बायोलॉजी लागते आणि नीट द्यावी लागते. दहावीनंतर मित्राबरोबर आर्ट्सला गेलात तर तो दरवाजा सोळाव्या वर्षीच बंद होतो, पदक असो नसो. पटियालाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा कोचिंग डिप्लोमा असो की शारीरिक शिक्षणाची बीपीएड, दोन्हीला आधी पदवी लागते. कॉलेज अर्धवट सोडून भरतीच्या अकॅडमीत गेलेल्यांची इथेच अडचण होते. त्यांच्यासाठी यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे. पळणं न सोडता पदवी पूर्ण करता येते.

ज्यांचं खेळणं संपलंय त्यांच्यासाठीही एक योजना आहे. २९ ऑगस्ट २०२४ ला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, केंद्राने 'रीसेट' सुरू केली. २० ते ५० वयाचे निवृत्त खेळाडू, मोबाईल-कॉम्प्युटरवर आपल्या वेगाने अभ्यास, जोडीला प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि इंटर्नशिप. ग्वाल्हेरची लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था ती चालवते. बारावी झालेल्यांसाठी वेगळा गट आणि अकरावीपर्यंत शिकलेल्यांसाठी वेगळा. आंतरराष्ट्रीय पदकच हवं असं नाही, राष्ट्रीय-राज्य पदक किंवा मान्यताप्राप्त स्पर्धेतला सहभागही धरतात. पुन्हा तोच फोल्डर! तिशीत परत कुठे शिकायचं, असं वाटत असेल तर मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावात चक्कर मारा. ८ मार्च २०१६ पासून तिथे आजीबाईंची शाळा भरते. गुलाबी नऊवारी नेसून साठी-सत्तरीच्या आज्या पाटीवर अक्षरं गिरवायला बसल्या, हे जगभर गाजलं.

तुमचा डेटा, पण ताबा कुणाचा?

खेळाडूचं वजन, दुखापत, पाळीच्या तारखा, झोप, व्हिडिओ, ही सगळी खासगी माहिती आहे. एखादी अकॅडमी 'ॲप डाउनलोड करा, रोज भरा' म्हणाली तर विचारा, ही माहिती कोण बघणार? आज गुडघा दुखतो म्हणून लिहिलंत आणि उद्या निवडीच्या वेळी तेच तुमच्या विरोधात वापरलं, असं होऊ शकतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांचा डेटा घ्यायला पालकांची पडताळलेली संमती लागते, असं स्पष्ट लिहिलंय. मुलींच्या सरावाचे व्हिडिओ मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरवायचे नाहीत, हे तर कायदा नसता तरी कळायला हवं. वर सांगितलेल्या कबड्डीच्या शीटमध्येही नावाऐवजी जर्सी नंबर चालतो.

आता परत त्या पहिल्या प्रश्नाकडे, की 'तुमच्यासारखे खेळाडू पुढे काय झाले' याचा तक्ता आणायचा कुठून? मोठ्या सिस्टीमची वाट बघण्याची गरज नाही. शाळेच्या ऑफिसात ढालींच्या वरती टीमचे जुने फोटो टांगलेले असतात. दहा वर्षांपूर्वीचा एक फोटो मोबाईलमध्ये घ्या आणि पीटीच्या सरांना विचारा, या बाराजणी आता कुठे आहेत. सात-आठ जणींचं सरांना तोंडपाठ असेल. उरलेल्यांचे नंबर गावात मिळतील. त्यांना फोन लावा, आधी परवानगी घ्या, मग चारच गोष्टी विचारा: ताई, कितवीपर्यंत शिकलात, खेळ कधी आणि का सुटला, आता काय करता, आणि तेव्हा कुणी काय सांगायला हवं होतं. चौथ्या उत्तराला रकाना मोठा ठेवा.